म्हाइंभट विचारत फिरले

दहाव्याच्या दिवशी घाटावर पिंड मांडून झाले की सगळे चार पावलं मागे सरतात आणि कावळ्याची वाट बघू लागतात. पुण्यात ओंकारेश्वराजवळ, नाशकात गोदावरीच्या काठी, गावोगावच्या नदीकाठांवर हे दृश्य नेहमीचं आहे. पिंडाशेजारी गेलेल्या माणसाच्या आवडीचं काही ना काही ठेवलेलं असतं. कांदाभजी, बेसनाचा लाडू, कपभर चहा, कधी विडीचं बंडलसुद्धा. कावळा झाडावर बसलेला दिसतो, पण खाली उतरत नाही. मग कुजबुज सुरू होते. कशात जीव अडकला असेल? कुणी पुढे होतं, हात जोडून म्हणतं, ‘धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ.’ दुसरा म्हणतो, ‘विहिरीचं काम अर्धं ठेवणार नाही.’ बराच वेळ गेला आणि कावळा आलाच नाही, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात.

माझे एक मामा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या दहाव्याला घरच्यांची सगळी वचनं देऊन झाली. शेताच्या वाटणीचं झालं, मामींच्या औषधपाण्याचं झालं, गावच्या मारुतीच्या कळसाचं झालं. कावळा जागचा हलेना. तेवढ्यात मागे उभे असलेले एक निवृत्त ड्रायव्हर पुढे आले. मामांबरोबर वर्षानुवर्षं एका गाडीवर ड्यूटी केलेला माणूस. ते पिंडाकडे बघून म्हणाले, ‘मास्तर, कँटीनच्या पोराची फी आता मी भरतो. तुम्ही काळजी करू नका.’ मामी चटकन वळल्या. ‘कुठलं पोर?’

घरात कुणालाच त्या मुलाबद्दल माहीत नव्हतं. डेपोच्या कँटीनमध्ये कपबश्या विसळणाऱ्या एका मुलाची शाळेची फी मामा दर वर्षी भरत होते. मामींनी त्यांच्याबरोबर उभा जन्म काढला होता, तरी मामांचा एवढा एक तुकडा त्या ड्रायव्हरकाकांकडे राहिला होता. ते त्या दिवशी घाटावर आले नसते तर तो त्यांच्याबरोबरच गेला असता.

या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते इतकंच आहे. कोणताही माणूस कुणा एकाच्या आठवणीत पुरा नसतो. बायकोला माहीत असलेला वेगळा, बहिणीला माहीत असलेला वेगळा, कामावरच्या सोबत्यांना दिसलेला आणखी वेगळा. तो जिवंत असतो तोवर हे तुकडे जोडायची गरज पडत नाही, कारण अख्खा माणूस समोर असतो. तो गेल्यावर मात्र ते गोळा करावे लागतात, आणि त्यासाठी कुणीतरी उठून विचारावं लागतं.

आपल्याकडे दुखवट्याच्या दिवसांची रचना अशी आहे की हे विचारणं आणि सांगणं आपोआप घडावं. घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. सुतकामुळे घरच्यांना बाहेर जायचं नसतं, आणि बाहेरचे तर येतच राहतात. दारात चपलांचा ढीग पडतो, आत सतरंजीवर माणसं दाटीवाटीनं बसतात. पहिले दोन-तीन दिवस बोलणं शेवटच्या दिवसाभोवती फिरतं. रात्री जेवले, दूध घेतलं, पहाटे छातीत कळ आली, रिक्षा मिळेना. सून किंवा मुलगा ही हकीकत येणाऱ्या प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, किती त्रास होत असेल सांगताना. त्रास होतोच. पण नीट ऐकलं तर लक्षात येतं की हकीकत दर वेळी थोडी बदलत जाते. आधी तिच्यात ‘तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर’ ही टोचणी ठायी ठायी असते. तीच गोष्ट वीसदा सांगून झाल्यावर ती टोचणी जरा बोथट होते, घटना एका ओळीत लागतात, सांगणाऱ्याचा श्वास सुटा होतो. त्यानंतर, पाचव्या-सहाव्या दिवसाच्या सुमारास, कुणीतरी जुनं काहीतरी काढतं. ‘आठवतं का, अण्णांनी एकदा अख्खी वरात चुकीच्या गावात नेली होती?’ आणि सुतकातल्या त्या घरात पहिल्यांदा हसू फुटतं. हसणारा दचकून इकडेतिकडे बघतो. कुणी रागावलेलं नसतं.

हे हसू दुःखाच्या आड येत नाही, हे मानसशास्त्राला मान्य व्हायला बराच काळ लागला. सिग्मंड फ्रॉइडनं १९१७ साली शोकावर एक निबंध लिहिला. त्याचा साधारण आशय असा की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन एकेका आठवणीपाशी जाऊन हळूहळू सोडवून घ्यायचं, तरच ते पुढे नव्यानं कुणात रमू शकतं. पुढच्या कित्येक डॉक्टरांनी आणि समुपदेशकांनी याचा अर्थ ‘विसरा आणि पुढे चला’ असा घेतला. पण त्याच फ्रॉइडची मुलगी सोफी १९२० च्या जानेवारीत इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेली. १९२९ साली, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, त्यानं आपल्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं. त्याच्या स्नेह्याचाही मुलगा गेला होता. ही जागा कशानंही भरून निघत नाही, आणि खरं तर निघू नयेच, असं त्यानं त्या पत्रात कळवलं. निबंधातल्या फ्रॉइडपेक्षा पत्रातला हा बाप मला अधिक खरा वाटतो.

शास्त्राच्या बाजूनं ही गोष्ट नीट मांडली गेली ती १९९६ मध्ये. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या तिघांनी संपादित केलेल्या पुस्तकानं दाखवलं की शोकातून सावरलेली बहुतेक माणसं गेलेल्याशी नातं तोडत नाहीत. ते नातं वेगळ्या रूपात चालू राहतं. त्याच वर्षी टोनी वॉल्टर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाचा एक लेख आला, आणि माझ्या मते या विषयावर त्याहून नेमकं फार थोडं लिहिलं गेलं आहे. त्याचं म्हणणं असं की मागे राहिलेल्यांना मुख्यतः गेलेल्या माणसाची एक टिकाऊ गोष्ट हवी असते, मनात ठेवून पुढे जगता येईल अशी. ती गोष्ट एकट्यानं आत डोकावून तयार होत नाही. त्या माणसाला ओळखणाऱ्या इतरांशी बोलून, आपली समजूत त्यांच्याशी ताडून ती घडते. आणि इथेच आजच्या शहरांची अडचण आहे. मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात, आई कोल्हापुरात. आईला रोज भेटणारी माणसं मुलांच्या ओळखीचीच नाहीत. आई गेल्यावर मुलं आठ दिवसांची रजा काढून येतात, कागदपत्रं उरकतात आणि परत जातात. भिशीतल्या मैत्रिणी, भाजीवाली, देवळातल्या बायका यांच्यापाशी आई जेवढी उरली असते, तेवढी तिथेच राहते.

आठवण अशी वाटून ठेवलेली का असते, याचाही अभ्यास झाला आहे. डॅनियल वेगनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८५ च्या सुमारास मांडलं की जवळची माणसं स्मरणशक्तीचं काम आपसांत वाटून घेतात. कुणाचा वाढदिवस कधी हे तिनं लक्षात ठेवायचं, विम्याचा हप्ता कधी हे त्यानं. पुढे पुढे ‘हे मला माहीत नाही, पण त्याला माहीत आहे’ एवढंच लक्षात ठेवून भागतं. त्यामुळे सोबती गेला की माणूस नुसता एकटा पडत नाही. त्याच्या स्वतःच्या स्मरणाचाही एक भाग गेलेला असतो. नवरा गेल्यावर एखादी शहाणी, कर्तबगार बाई काही महिने साध्या साध्या गोष्टी विसरते, बँकेत गोंधळते, ओळखीच्या रस्त्यावर थबकते. घरातले म्हणतात, धक्क्यानं झालं. धक्का असतोच, पण दोघांनी मिळून सांभाळलेल्या गोष्टींचा भार आता तिला एकटीला पेलायचा असतो, हेही खरं.

मग चारजण एकत्र बसून आठवले की सगळं आठवेल, असं वाटणं साहजिक आहे. प्रयोग मात्र थोडं वेगळं सांगतात. मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की एकत्र बसलेला गट, एकेकट्यानं आठवणाऱ्या तितक्याच माणसांच्या बेरजेपेक्षा कमी आठवतो. कारण सोपं आहे. प्रत्येकाच्या मनात आठवणीकडे जाणारी आपली एक वाट असते, आणि दुसरा बोलू लागला की ती वाट मोडते. काकांनी मोठ्या आवाजात गणपतीची गोष्ट सुरू केली की धाकट्या भाचीच्या ओठांवर आलेलं राहून जातं. नंतर कधी कधी तिला ते आठवतही नाही. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीलिया हॅरिस आणि तिच्या सहकाऱ्यांनी दीर्घ काळ संसार केलेल्या वयस्क जोडप्यांचा अभ्यास केला, तेव्हा काही जोडप्यांच्या बाबतीत उलटं दिसलं. एकमेकांना धागा पुरवत, ‘निळ्या रंगाची होती ना?’, ‘नाही, ती त्या आधीची’ असं करत ती दोघं मिळून, एकेकट्यानं आठवलेल्याच्या बेरजेपेक्षाही जास्त आठवत होती. म्हणजे एकत्र बसण्यालाही एक रीत लागते. आधी प्रत्येकाला वेगळं विचारावं, मग सगळ्यांनी बसून ताडावं.

आणि नेमकी हीच रीत सातशेहून अधिक वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका गावात वापरली गेली.

अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर, जुन्या पोथ्यांतलं ऋद्धिपूर. आज तिथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे एक दुःखी माणसांचा मेळा राहत होता. त्यांचे स्वामी, चक्रधर, त्यांना सोडून गेले होते. महानुभाव पंथाची श्रद्धा आहे की ते उत्तरापंथे गेले. अभ्यासकांत त्यांच्या अखेरीबद्दल वेगवेगळी मतं आहेत. मागे राहिलेल्यांसाठी मात्र एकच गोष्ट खरी होती, की बरोबर चालणारा, बोलणारा, रागे भरणारा, हसणारा माणूस आता दिसणार नव्हता. ते चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आश्रयाला ऋद्धिपुरास आले. नागदेवाचार्य त्यांच्यात वडीलधारे. पंथाच्या ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथावरून दिसतं की हे नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसत. म्हाइंभटांनी ते पाहिलं, विचारलं, आणि या आठवणी मला सांगा, मी लिहून घेतो, अशी विनंती केली.

म्हाइंभट सराळ्याचे मोठे विद्वान. शास्त्रांचा अभ्यास झालेला माणूस. त्यांना चक्रधरांवर संस्कृतात एखादा भारदस्त स्तोत्रग्रंथ सहज रचता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. ते उठले आणि ज्याला ज्याला स्वामी भेटले होते त्या त्या माणसाकडे विचारत फिरले. प्रत्येकाकडून त्यानं स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं घेतलं, आणि मग ते नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. ज्याचा काळ सामान्यतः १२७८ च्या सुमारास सांगितला जातो, तो ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ असा तयार झाला. मराठीतला तो पहिला मोठा गद्य ग्रंथ. आपल्या भाषेचं गद्य राजाच्या आज्ञेतून किंवा शास्त्राच्या भाष्यातून उभं राहिलं नाही, ते गेलेल्या माणसाच्या आठवणी गोळा करण्यातून उभं राहिलं, याचा मला फार मोठा आधार वाटतो.

आणि आठवणी तरी कसल्या? स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले. शिकाऱ्यांनी पिटाळलेला ससा धावत येऊन त्यांच्या मांडीखाली लपला, तेव्हा त्यांनी त्याला शिकाऱ्यांच्या हवाली केलं नाही, ती गोष्ट. महदाइसा सारखे प्रश्न विचारायची, त्याबद्दल त्यांना वाटणारं कौतुक. ही महदाइसा म्हणजे धवळे रचणारी आद्य मराठी कवयित्री महदंबा. वाक्यं छोटी, बोलती, जवळजवळ घरगुती. सांगणाऱ्याचा आवाज लिहिणाऱ्यानं पुसलेला नाही. एखाद्या प्रसंगातून थोर उपदेश निघतो, एखाद्यातून काहीच निघत नाही, तरी तो लिहिला आहे, कारण तो घडला होता आणि कुणाच्या तरी लक्षात राहिला होता. शोकसभेत भाषण करणाऱ्या प्रत्येकानं लीळाचरित्राची चार पानं आधी वाचावीत, असं मला मनापासून वाटतं.

पुढची हकीकत आणखी हलवणारी आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नाहीशी झाली, असं परंपरा सांगते. ज्या आठवणी एवढ्या कष्टानं गोळा केल्या त्या पुन्हा विखुरल्या. तेव्हा ज्यांनी तो ग्रंथ ऐकून, पाठ करून ठेवला होता त्यांच्याकडून तो परत उभा करण्यात आला. त्यात हिराइसा ही विलक्षण स्मरणशक्तीची बाई होती. तिच्या तोंडचा पाठ पंथात आजही तिच्याच नावानं ओळखला जातो. वेगवेगळ्या माणसांच्या पाठांत फरक पडले. एक म्हणे प्रसंग या गावी घडला, दुसरा म्हणे त्या गावी. त्यांनी भांडून एकच पाठ खरा ठरवला नाही. हा अमक्याचा, हा तमक्याचा, अशी नावानिशी नोंद ठेवली. आज एखाद्या घरात बापाच्या आठवणींवरून भाऊ-बहिणींत जुंपते, ‘तू तेव्हा लहान होतास, तुला काय माहीत’ असं होतं, तेव्हा मला या नोंदी आठवतात. दोन आठवणी जुळत नसतील तर दोन्ही ठेवाव्यात, शेजारी शेजारी, कुणाची कोणती ते लिहून.

म्हाइंभटांच्या माणसांनी आणखी एक गोष्ट केली. स्वामी जिथे जिथे बसले, निजले, जेवले त्या जागा त्यांनी लक्षात ठेवल्या. ‘स्थानपोथी’त त्या दिशा आणि खाणाखुणांसह नोंदलेल्या आहेत. देवळाच्या कोणत्या अंगाला, कोणत्या पटसाळेत. लघुशंकेला गेले ती जागासुद्धा सोडलेली नाही. अनेक ठिकाणी त्या जागेवर ओटा बांधलेला असतो आणि यात्रेकरू त्याला डोकं टेकवतात. ज्याचं आपल्याला अतोनात वेड आहे त्याच्या बाबतीत कोणती जागा क्षुद्र आणि कोणती महत्त्वाची हा भेद उरत नाही, हे ज्यांच्या घरातलं माणूस गेलं आहे त्यांना समजावून सांगायला नको. आईच्या स्वयंपाकघरातला, ती उभी राहायची तिथला झिजलेला फरशीचा चौकोन मुलं नवी फरशी घालताना तेवढा ठेवायला सांगतात. गवंड्यालाही ते विचित्र वाटत नाही.

‘स्मृतिस्थळ’ हा स्वतः अशाच आठवणींचा ग्रंथ, पण नागदेवाचार्यांच्या. ते गेल्यावर त्यांच्या माणसांनी त्यांच्याबाबत तेच केलं. त्यात एक प्रसंग आहे. शिष्य संस्कृतात लिहू बोलू पाहतात, तेव्हा नागदेवाचार्य त्यांना थांबवतात. असं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका यापासून वंचित होतील, अशी त्यांची चिंता. आठवण ज्या माणसांची आहे त्यांना ती वाचून दाखवली तर कळली पाहिजे, हा त्यातला आग्रह मला पुढच्या सगळ्या मराठी आठवणींच्या पुस्तकांत दिसतो.

त्यांतली दोन तर बायकांनीच लिहिली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये प्रसिद्ध झालं. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांची असलेली मुलगी, तिला स्वतः शिकवायला बसणारा नवरा, आणि त्यावरून घरातल्या बायकांनी धरलेला अबोला. सार्वजनिक रानडे सगळ्यांनाच ठाऊक होते. दिवाणखान्याच्या आतले रानडे एकट्या रमाबाईंपाशी होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर विचारण्यातूनच जन्माला आली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राच्या तयारीत होता, म्हणून त्यानं आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. आईचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तिनं लिहायला घेतलं आणि १९३४ पासून भागाभागानं जे पुस्तक झालं ते आजही मराठीतल्या उत्तम पुस्तकांत गणलं जातं.

लक्ष्मीबाईंच्या पुस्तकातले टिळक संतापी आहेत, लहरी आहेत, वरचेवर घर सोडून निघून जातात, हातचं दुसऱ्याला देऊन टाकतात. तिनं काही झाकलेलं नाही. तिला सोसावं लागलं तेही आहे. आणि तरी पान उलटताना वाचकाला हा माणूस आवडू लागतो, कारण तिला तो आवडत होता, त्याच्या सगळ्या तऱ्हांसकट. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हा आपला संस्कार चांगलाच आहे. पण त्यापायी आपण त्याला इतकं गुळगुळीत करून टाकतो की घरच्यांना तो ओळखू येईनासा होतो. ‘अत्यंत मनमिळाऊ, सदैव हसतमुख’ अशी श्रद्धांजली ऐकताना समोर बसलेल्या मुलाला आठवत असतं की बाबा सकाळी चहा होईपर्यंत कुणाशी धड बोलत नसत. त्याला तेच बाबा हवे असतात.

लोकमान्य टिळकांच्या बाबतीत हे काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात ते गेले. त्यानंतर सदाशिव विनायक बापट यांनी त्यांच्या आठवणी आणि आख्यायिका लोकांकडून गोळा करायला घेतल्या, आणि १९२४, १९२५ आणि १९२८ असे तीन खंड काढले. मोठमोठे पुढारी त्यात आहेतच, पण मला त्या काळाच्या नोंदींमधला अधिक मोलाचा वाटतो तो मंडालेच्या तुरुंगातला स्वयंपाकी. टिळकांना रांधून घालायला एक मराठी कैदी दिलेला होता, कुलकर्णी आडनावाचा. गीतारहस्य पेन्सिलीनं लिहिलं जात असलेल्या त्या कोठडीतलं रोजचं जगणं, खाणं, उठणं-बसणं पुढच्या लोकांना कळलं त्यात या माणसाच्या आठवणींचा मोठा वाटा आहे. घरचे आणि अनुयायी फार दूर होते. त्या वर्षांतले टिळक एका कैद्यापाशी होते, आणि कुणीतरी त्याला विचारलं म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

काही मृत्यूंनंतर मात्र कुणी विचारत नाही, आणि तिथे या सगळ्याची खरी गरज असते. लहान मूल गेलेलं घर. आत्महत्या झालेलं घर. येणारे येतात, दहा मिनिटं बसतात, हवापाण्याचं बोलतात आणि उठतात. मुलाचं नाव घ्यायचं नाही हे सगळ्यांनी न ठरवता ठरवलेलं असतं. आईला त्रास होईल, असं वाटतं त्यांना. आईला त्रास चोवीस तास होतच असतो. आपल्याशिवाय आणखी कुणाला तरी तो आठवतो, हे ऐकायला ती आसुसलेली असते. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री इथल्या इस्पितळात १९६८ साली दोन कुटुंबांची मुलं थोड्याच दिवसांच्या अंतरानं गेली. तिथे धर्मोपदेशकाच्या हाताखाली काम करणाऱ्या सायमन स्टीफन्सच्या लक्षात आलं की त्याच्या कुठल्याही सांत्वनापेक्षा ही दोन घरं एकमेकांशी बोलून अधिक सावरतायत. त्यातून पुढच्या वर्षी अशा आईबापांची संघटना उभी राहिली आणि ती अनेक देशांत पसरली. डेनिस क्लासनं नात्याच्या चालू राहण्याविषयी जे लिहिलं, ते बरंचसं या संघटनेच्या अमेरिकेतल्या बैठकांत बसून, ऐकून. तिथे आईबाप मुलाचं नाव घेऊन बोलतात. तो काय खोड्या करायचा, त्याला कुठली भाजी आवडत नसे, हे सांगतात आणि ऐकणारे अवघडत नाहीत.

तुमच्याकडे कुणी गेलं असेल, किंवा तुम्ही अशा घरी जाणार असाल, तर विचारायचं कसं, हे थोडं सांगतो. ‘कसे होते ते?’ असं विचारलं की ‘फार चांगले होते’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी बारीक विचारावं. सकाळी उठल्यावर आधी काय करायचे? कशावरून चिडायचे? हातातल्या पिशवीत नेहमी काय असायचं? तुमची पहिली भेट कुठे झाली? शेवटचं बोलणं कशावर झालं? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि घरातल्या लहान मुलाला दोघांनाही विचारावं. मुलांना काय कळतंय म्हणून आपण त्यांना बाहेर खेळायला पाठवतो, पण आजोबांच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळीचा वास नातवालाच ठाऊक असतो. वस्तू हातात घेऊन विचारलं तर माणूस अधिक मोकळा होतो. चष्म्याची डबी, हिशेबाची वही, पानाचा डबा. जुने फोटो निघाले तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लगेच लिहून घ्यावं. ओळखणाऱ्या पिढीतलं शेवटचं माणूस गेलं की त्या फोटोतले चेहरे अनोळखी होतात. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करणार असाल तर आधी परवानगी घ्या आणि फाइलला त्या माणसाचं नाव आणि तारीख द्या, नाहीतर वर्षभरात ती शेकडो फाइलींत हरवते.

कामावरची माणसं, जुने शेजारी, शाळासोबती, रोज दूध घालणारा, यांच्याकडे उठून जावं लागेल. ती आपण होऊन येतीलच असं नाही. आली तरी मागे उभी राहतील. त्यांना वेगवेगळं भेटा, एकेकट्याचं पूर्ण ऐकून घ्या, मधे आपलं जोडू नका. मग वर्षश्राद्धाला किंवा पुण्यतिथीला, जेवणं उरकून सगळे निवांत झाल्यावर, लिहून ठेवलेलं मोठ्यानं वाचा. कुणी म्हणेल, असं नव्हतं, ती गाडी लाल नव्हती, पिवळी होती. तेही त्याच्या नावानिशी खाली लिहून घ्या, आणि वही बंद करायच्या आधी विचारा, अजून कुणाला भेटायचं राहिलंय.